माझ्या मापाचा कागद

९ जानेवारी

ताई,

बाबांना यकृताचा कॅन्सर झाला आहे. हे वाक्य पत्राच्या मध्यावर, तू जरा सावरून बसल्यावर लिहायचं असं ठरवलं होतं. पण मग आधी काय लिहू? तुझी तब्येत कशी आहे? तीन वर्षांत तू ना पत्र पाठवलंस, ना फोन नंबर. कारखान्याचा हा पत्ताही आत्याकडून मिळाला. तिला दिलास, मला नाही, हे मी लक्षात ठेवलं आहे.

झालं असं, की बाबांनी स्वतःच्या पँटी कमरेला उसवायला घेतल्या. एकदा सैल केल्या, थोड्या दिवसांनी पुन्हा केल्या. सदरे मात्र खांद्यावरून ओघळायला लागले. हसत म्हणाले, "मास्तरीण, कंबर वाढतेय आणि खांदे उतरतायत. असलं गिऱ्हाईक आजवर माझ्या दुकानात आलं नाही." मला वाटलं, वय झालं. मग एका सकाळी ते दुकानाच्या पायरीवर उन्हात सुईत दोरा ओवत बसले होते, तेव्हा मला दिसलं की त्यांच्या डोळ्यांतला पांढरा भाग पांढरा नाही. त्याच दिवशी मी त्यांना दवाखान्यात नेलं.

'यकृत ही शरीरातील सर्वांत मोठी ग्रंथी आहे' असं मी दरवर्षी आठवीच्या फळ्यावर लिहिते आणि मुलं ते एका गुणासाठी पाठ करतात. त्यापलीकडे मलाही काही माहीत नव्हतं. आता वाचून, डॉक्टरीणबाईंना विचारून समजून घेतलं आहे. हिपॅटायटीस बी नावाचा विषाणू बाबांच्या यकृतात कितीतरी वर्षं मुक्कामाला होता. दुखत नाही, खुपत नाही. यकृत मात्र आतल्या आत घट्ट आणि खडबडीत होत जातं, पुन्हा पुन्हा उसवून शिवलेल्या कापडासारखं. अशा यकृतात मग गाठ धरते. बाबांची एकच आहे, लहान लिंबाएवढी, आणि बाहेर कुठे पसरलेली नाही. पोटात पाणी साठतं ते गाठीमुळे नव्हे, यकृत थकल्यामुळे.

दारूचा यात काही संबंध नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण आत्याने दारातच विचारलं, "लपूनछपून घेत होता का गं? पुरुषाचं काय सांगावं." मी तिला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या डिग्रीला माझा नमस्कार. पण मी त्याची बहीण आहे, मला विचारायचा हक्क आहे." म्हणजे ऐकलं काहीच नाही.

तू यावंस म्हणून हे पत्र नाही. गोळ्या, तपासण्या, मीठ कमी करणं, सगळं माझ्या हातात आहे. रोज सकाळी मी त्यांच्या पोटाचा घेर मोजते. त्याच टेपने, ज्याला तू मला कधी हात लावू दिला नाहीस.

एक गोष्ट सांगणार नव्हते, पण सांगते. तुझा कागद अजून खिळ्यावर आहे. रोजच्या गिऱ्हाइकांचे मापाचे खाकी कागद लटकतात ना, त्या रांगेत पहिला. तू शिवलेल्या त्या कोटाची बाही बाबांनी गिऱ्हाइकासमोर उसवली आणि तू टेबलावर कात्री ठेवून निघून गेलीस, त्यानंतर त्यांनी टेबल हलवलं, आरसा बदलला, पण तुझा कागद काढला नाही. माझा कागद त्या भिंतीवर कधी नव्हताच. कशाला असेल? मी तुझेच कपडे घालायचे, आल्टर करून.

धाकटी

२० फेब्रुवारी

ताई,

पार्सल मिळालं. आत चिठ्ठी नव्हती. कागद उलटून पाहिला, दोन्ही खिसे पाहिले. एक ओळ लिहिली असतीस तर काय बिघडलं असतं? शुद्धलेखन तपासलं नसतं मी.

पँट त्यांना बसली. बसली म्हणजे काय, ट्रायल न घेता अशी बसलेली मी कधी पाहिली नाही. मागे इलॅस्टिक, पुढे बटणांच्या दोन रांगा, पोट वाढलं तर बाहेरची, उतरलं तर आतली. कमरेला आतून मऊ अस्तर, कारण तिथली कातडी ताणलेली असते. हे तुला कुणी सांगितलं? मी फक्त एवढंच लिहिलं होतं की कंबर वाढली आणि खांदे उतरले.

बाबा आरशासमोर उभे राहिले. पुढून पाहिलं, मागून पाहिलं. म्हणाले, "शिवणीत माया जास्त सोडलीय." बस, एवढंच. तेव्हापासून दुसरी पँट त्यांना चालत नाही. तुझी धुवायला टाकली की वाळेपर्यंत चादर गुंडाळून मशीनवर बसतात आणि गिऱ्हाईक आलं की मला पुढे करतात.

मी इथे बिनमिठाचा स्वयंपाक शिकले, ताई. लिंबू, मिरं, आलं, सगळे प्रयोग केले. बाबांच्या तोंडून एकदा तरी 'बरा झालाय' निघावं? म्हणतात, "मास्तरीण, यात तू सगळं शिक्षण घातलंस, मीठ तेवढं राहिलं." पाणी उतरवायची गोळी लागू पडली आहे. घेर कमी होतो आहे. काल ते आतल्या रांगेच्या बटणांवर आले. मी दीड महिना त्यासाठी जिवाचं रान केलं, आणि ते बटण लावताना मानेनं हळूच हो म्हणाले ते तुझ्या शिलाईला.

मी रागावलेली नाही. फक्त लिहिते आहे.

धाकटी

१४ मार्च

ताई,

या पत्रात चांगली बातमी आहे, नीट बसून वाच.

गाठ भाजली. पोटातून बारीक सुई थेट गाठीपर्यंत नेतात आणि तिच्या टोकाला उष्णता देतात. बाबांना समजावलं तर म्हणाले, "म्हणजे इस्त्रीच की." दुसऱ्या दिवशी घरी आलो, आठवड्याने ते काज करायला बसले. माणसाला कॅन्सर असतो आणि तो काज करत बसतो, चहा थंड झाला म्हणून कुरकुरतो, शेजारच्या सुताराशी वाद घालतो. हे मला आधी माहीत नव्हतं. मला वाटायचं कॅन्सर म्हटलं की सगळं थांबतं. काही थांबत नाही. नुसतं सगळ्याच्या खालून एक भीती वाहत राहते, आणि आपण तिच्यावर घर झाडतो, भांडी घासतो.

पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ज्या यकृतात एक गाठ धरली त्यात दुसरीही धरू शकते. तेवढा भाग कापून टाकावा तर उरलेलं यकृत भार पेलणार नाही. खरा उपाय म्हणजे यकृतच बदलणं. त्याच्यासाठी कुणी मेलेलंच असावं लागतं असं नाही. घरातलं निरोगी माणूस आपल्या यकृताचा मोठा तुकडा देऊ शकतं. बाबा खुर्चीत पुढे सरकले.

"बाई, तुकडा कापला की देणाऱ्याचं कमी पडणार."

"पडत नाही. पुन्हा वाढतं."

"कापलेलं पुन्हा वाढतं?"

"देणाऱ्याचंही वाढतं आणि घेणाऱ्याचंही. दोन-तीन महिन्यांत बरंचसं."

बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "असलं कापडाचं एक थान मिळालं असतं तर मी माडी बांधली असती गं." डॉक्टरीणबाई हसल्या. मग कागद पुढे ओढून त्यांनी विचारलं, "मुलं किती तुम्हाला?"

"एकच. ही."

खरं लिहू? मला ते ऐकून बरं वाटलं. बसमध्ये बरं वाटलं, बाजारात भाजी घेताना बरं वाटलं. दुकान उघडलं आणि बाबांनी आधी तुझा कागद खिळ्यावरून काढला, त्यावरची धूळ फुंकली आणि पुन्हा जागच्या जागी लावला. तेव्हा कळलं की ते 'एकच' का म्हणाले. तुझ्याकडे काही मागायला लागू नये म्हणून.

तर देणार मी आहे. मी ठरवलं आहे. बाबा हो म्हणत नाहीत. "पोरीला कापून मला ठिगळ लावायचं? मी शिंपी आहे, कसाई नाही." मी म्हटलं, "कापणार तुम्ही नाही, डॉक्टर कापणार." तर म्हणे, "कोण जाणे कसा कापतो." पण मनवेन मी त्यांना. ताई, मी खूप आनंदात आहे, तुला हे विचित्र वाटेल. लहानपणापासून या घरात जे जे मोलाचं होतं ते हाताचं होतं. तुझ्यासारखा हात मला नाही. मी कापलं की कापड रडतं असं तूच म्हणायचीस. आता पहिल्यांदा असं काही आलं आहे ज्याला हात लागत नाही. फक्त मी लागते.

खर्चाचं काय ते बघितलं आहे, त्यावर घरात पुरेसं बोलून झालं. पुढच्या आठवड्यात माझ्या तपासण्या सुरू होतात. या एका बाबतीत तरी तू माझ्या आधी नाहीस.

धाकटी

२ एप्रिल

ताई,

तपासण्या चालू आहेत. काही रिपोर्ट आले, काही यायचे आहेत. बाबा ठीक. मीही ठीक.

एक सहज विचारायचं होतं. तू कधी रक्तदान केलं आहेस का? केलं असशील तर नंतर त्यांच्याकडून काही कळवलं होतं का? लहानपणी तुला कावीळ झाल्याचं आठवतं? आई असती तर तिला विचारलं असतं. आत्याला विचारावं तर ती नको ते आठवून सांगते.

आत्या येऊन गेली. माझा पाण्याचा पेला तिने फडताळात वेगळा ठेवला. का, ते पुढे लिहीन.

शाळेत परीक्षा आहेत, म्हणून पत्र लहान.

धाकटी

११ एप्रिल

ताई,

मला देता येणार नाही.

बाबांच्या यकृतात जो विषाणू आहे तोच माझ्याही रक्तात आहे. पहिल्याच तपासणीत निघाला. मागचं पत्र लिहिलं तेव्हा मला माहीत होतं. पुन्हा तपासलं, पुन्हा तेच आलं.

मी आजारी नाही. आधी हे नीट वाच. माझं यकृत चांगलं आहे, विषाणू सध्या शांत आहे, आणि आज मला औषधाचीही गरज नाही. दर सहा महिन्यांनी रक्त आणि सोनोग्राफी, जन्मभर. तो जागा झाला तर रोज एक गोळी, बाबा घेतात तीच. वेळच्या वेळी पाहत राहिलं तर गोष्ट बाबांसारखी हाताबाहेर जाणार नाही. एका ताटात जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने हा पसरत नाही. रक्तातून पसरतो, आईकडून बाळाला जन्माच्या वेळी जातो, नवराबायकोत जातो. आत्यासमोर मी हे तीनदा बोलले. ती म्हणाली, "असेल बाई तसं, पण पेला वेगळा असला तर कुणाचं काय जातं?" माझं जातं, ताई. रोज पाणी पिताना जातं.

मला कुठून आला, हे आता कळायला मार्ग नाही. आईकडून असेल. घरातल्या ब्लेडने, खरचटण्याने असेल. दुकानातली एकच सुई आपल्या सगळ्यांच्या बोटांत शिरलेली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुणाकडून आला हे शोधत बसू नका, त्यातून घरात फक्त भांडणं निघतात."

बाबांना मीच सांगितलं. ते बॉबिन भरत होते. भरून झाली तरी पायडल मारत राहिले, नुसतंच चाक फिरत होतं. मग म्हणाले, "नाक घ्यायचं होतंस माझं. सगळे म्हणतात बरं आहे. ते सोडून हे घेतलंस?"

मी हसले. तेही हसले. मग ते उठून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

तुला हात मिळाला त्यांचा. गुणगुणत कापायची सवय मिळाली, सुई ओठांत धरायची ढब मिळाली. रस्त्यातून जाताना लोक म्हणायचे, शिंप्याची लेक, अगदी बापावर गेलीय. मी मागे असायचे, मला कुणी म्हटलं नाही. आता माझ्याकडेही त्यांचं काहीतरी आहे आणि ते तुझ्याकडे नसावं. मी मनापासून म्हणते आहे, नसावं. पण हे मनापासून म्हणायला मला पुष्कळ दिवस लागले.

म्हणून आधी तुझ्या स्वतःसाठी तपासणी करून घे. साधी रक्ताची असते. नसेल तर लस घे, तीन इंजेक्शनं असतात. तुझी बोटं माझ्यापेक्षा जास्त वेळा टोचलेली आहेत.

आणि आता दुसरं. परवा डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं, "आणखी कुणी नाहीच का घरात?" बाबा खिडकीबाहेर पाहत राहिले. मला गप्प बसता आलं असतं. 'एकच' हा शब्द त्यांचाच होता, मी फक्त तो तसाच राहू द्यायचा होता. मी म्हणाले, "आहे. थोरली."

बाबा म्हणाले, "मास्तरीण!"

मी पुन्हा म्हणाले, "मोठी मुलगी आहे यांना."

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं आहे की तुझ्यावर कुणी दडपण आणायचं नाही. तू आलीस तर तुझ्यासाठी वेगळ्या डॉक्टर असतील, त्या एकटीला बसवून विचारतील, मनापासून आलीस का. नाही म्हणालीस तर 'तपासणीत जुळलं नाही' एवढंच आम्हाला कळवतील. ऑपरेशन मोठं आहे, धोका शून्य नाही, वण जन्माचा राहतो. नाही म्हणण्याचा तुला पूर्ण अधिकार आहे. मला खूप वाटतं की तू यावंस. आणि मला वाटतं की तुझी गरजच पडायला नको होती. दोन्ही खरं आहे. त्यांना जगवणारा तुकडा माझा असायला हवा होता.

धाकटी

२७ एप्रिल

ताई,

तुझं पत्र आलं. आयुष्यातलं पहिलं. मी ते शाळेच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर वाचलं, ही चूक झाली.

तू लिहिलंस, 'तपासलं. मला नाही. रक्तगट बाबांचाच आहे. रजा मांडलीय, येतेय. बाबांना सांगू नको, पळून जातील.' इथपर्यंत ठीक होतं. मग तू लिहिलंस, 'तुझ्या चार पत्रांत यकृताचं मला सगळं कळलं. मी ढ नाही, इतकं फोडून सांगायची गरज नव्हती. आणि तुला माझे कपडे आल्टर करून मिळाले म्हणून किती रडतेस. मला नववीतून काढून मशीनवर बसवलं. तुझी शाळा मला कुणी आल्टर करून दिली?'

पत्रं पाच होती. एवढंच म्हणायला मी हे लिहायला बसले.

तुला माझा हेवा वाटू शकतो हे मला कधी सुचलं नाही. हेवा ही फक्त माझी वस्तू आहे असं मी धरून चालले होते. मी पुस्तक घेऊन बसायचे तेव्हा तू मशीन जोरात चालवायचीस. मला वाटायचं, तू कामात तरबेज आहेस म्हणून. मी पास झाल्याचे पेढे न खाता तू दुकानात गेली होतीस. मला वाटलं, तुला गोड आवडत नाही.

ये. बस किती वाजता पोहोचते ते कळव. तुझी खोली मी वापरते, पण पलंग अजून तुझ्याच बाजूला आहे.

धाकटी

८ जून, हॉस्पिटल

ताई,

तू वरच्या मजल्यावर आहेस, बाबा खालच्या काचेच्या खोलीत. मी मधल्या जिन्यातल्या बाकावर. दोन्हीकडे थोडाच वेळ आत सोडतात, म्हणून लिहून ठेवते. नर्सबाई तुला देतील. त्यांनी विचारलं, "पेशंटची कोण तुम्ही?" मी म्हटलं, "दोघांची." त्यांनी वहीत पाहिलं आणि म्हणाल्या, "मग धावपळ तुमचीच."

तुला नीट आठवत नसेल, सकाळी तू मला म्हणालीस, "हसवू नकोस गं, टाके ओढतात." मी काही विनोद केला नव्हता.

सर्जन येऊन सांगून गेले. तुझा तुकडा बाबांच्या पोटात लागताच लालसर झाला आणि त्यातून पित्त वाहू लागलं, म्हणजे तो कामाला लागला. तिकडेही पाऊल टाकल्या टाकल्या काम, तुझ्यासारखंच. अजून काही दिवस जपायचे आहेत, पुढेही काही सुटका नाही. शरीराने तुकडा परका समजू नये म्हणून रोज गोळ्या, विषाणू दाबायला गोळी, आणि गाठ परत येते का हे पाहायला तपासण्या. येऊही शकते, हे त्यांनी लपवलं नाही. मीही तुझ्यापासून लपवत नाही. पण आज नाही. आज रंग चांगला आहे.

नळी काढल्यावर बाबा पहिला शब्द काय बोलले असतील? "कात्री?" तुझंच टोपणनाव. मला माहीतच होतं. मी सांगितलं, "शुद्धीवर आहे, पाणी मागतेय, नर्सशी भांडतेय." त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. मग डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले, "मास्तरीण, तू जेवलीस का?"

हे माझं आहे. हे मी वाटून घेणार नाही.

तू घरी आलीस त्या दिवशी ते तुला काय म्हणाले ते मी दाराआडून ऐकलं होतं. "त्या कोटाची बाही बरोबर होती." तीन वर्षं मी त्यांच्यासमोर होते. एकदा मला सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी आत्याकडून पत्ता काढून तुला कळवलं असतं. पण ते वाक्य त्यांनी तुझ्यासाठीच राखून ठेवलं होतं. तू नुसतं "माहितेय" म्हणालीस आणि त्यांच्या शर्टाच्या कॉलरचा धागा तोडलास. मी चहा ठेवायला गेले. चहा घेऊन आले तोवर 'मी शिंपी आहे, कसाई नाही' म्हणणारे बाबा तुला हो म्हणून बसले होते.

आता तुला माहीत नसलेली गोष्ट. तू इथे बाबांच्या एक दिवस आधी दाखल झालीस. त्या संध्याकाळी बाबांनी मला दुकानात बोलावलं. टेप गळ्यात होता. म्हणाले, "सरळ उभी राहा."

"कशाला?"

"शिंप्याच्या दुकानात कशाला उभं राहतात?"

त्यांचा हात खांद्यापर्यंत पोहोचेना. मी गुडघे वाकवले. ओरडले, "वाकलीस की माप जातं! सरळ!" मग स्टूल ओढलं, त्यावर चढू लागले, मी हात जोडले तेव्हा उतरले. शेवटी टेपचं एक टोक मी माझ्या खांद्यावर धरलं आणि दुसरं त्यांनी. त्यांनी माप दोनदा वाचलं.

"कात्रीपेक्षा अर्धा इंच रुंद आहे तुझा खांदा."

"माहितेय."

"मग इतकी वर्षं घट्ट होत नव्हतं?"

"व्हायचं."

"बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाही."

बाबांनी खाकी कागद अंथरला आणि खडूने आखायला घेतलं. आखलं, आणि स्वतः कापलं. बाहीच्या गोलाईला कात्री जरा आत गेली. मी म्हटलं, "द्या, मी सरळ करते." म्हणाले, "तू? राहू दे तसंच." मग वरच्या टोकाला भोक पाडून तो कागद भिंतीवर लावला. तुझ्या शेजारच्या खिळ्यावर. तुझ्यापेक्षा जरासा खाली आहे, पण तो खिळाच मुळात खाली ठोकलेला आहे. मी नीट पाहिलं.

तुझ्या पोटावर टाके आहेत, बाबांच्या पोटावर टाके आहेत. मघाशी त्यांनी पट्टीच्या कडेला बोट लावून पाहिलं आणि म्हणाले, टाके लांब घातलेत. तुम्ही दोघं आता जन्मभर या वणांच्या गप्पा मारत बसाल आणि मी मध्ये पाणी नेऊन देईन. दर सहा महिन्यांनी मला इथेच यायचं आहे, पोटावर गार जेल लावून घ्यायला. तेव्हा तू माझ्याबरोबर ये. बाहेरच्या बाकावर बस. मला बाकावर कुणीतरी हवं आहे.

माझ्यासाठी शिवायला कापड मी आणून ठेवलं आहे, गडद निळं. तुला तीन महिने जड काही उचलायचं नाही, बाबांना त्याहून जास्त. मी थांबेन, मला घाई नाही. कापताना तुम्हा दोघांचं भांडण होईल, होऊ दे. फक्त कागद माझा घ्या, आणि बाहीची ती चुकलेली गोलाई सुधारू नका.

ते मी पुष्कळ वर्षं घालीन. मग जुनं झालं की तुला देईन. तू आल्टर करून घे.

धाकटी